लोबोला : मुद्दाम न फेडलेलं देणं

शनिवारची सकाळ. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताळ प्रांतातल्या एखाद्या झुलू घराच्या फाटकाबाहेर तीन-चार पुरुष उभे असतात. अंगात कोट, पायात पॉलिश केलेले बूट, आणि तोंडानं त्या घराच्या कुळाची बिरुदावली चाललेली. आपल्याकडे भाट गायचे तशी, पण खड्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल अशी. घरातले सगळे केव्हाचे उठलेले असतात. आधण ठेवलेलं असतं, पडद्याआडून बायका बघत असतात. कोण आलंय हेही सगळ्यांना ठाऊक असतं, कारण पत्र येऊन तारीख ठरलेली असते. तरी फाटक उघडत नाही. अर्धा तास जातो, कधी तासही. बाहेरच्यांनी चिडायचं नाही, मोबाइल काढायचा नाही, बिरुदं चुकवायची नाहीत. मंडळी उशिरा आली असली तर आत गेल्यावर त्याचा दंड आधी भरायचा, मग बाकीचं बोलायचं.

ही मंडळी म्हणजे अबाखोंगी, मुलाकडचे मध्यस्थ. काका, मामा, घरोब्यातला एखादा मुरलेला म्हातारा. यांची निवड करताना एकच गोष्ट बघतात : जिभेला धार हवी आणि डोकं थंड हवं. ज्याचं लग्न आहे तो पोरगा यांच्यात नसतो. तो कोपऱ्यावर गाडीत बसून नखं कुरतडत असतो, नाहीतर घरीच थांबलेला असतो. बोलणी दोन घराण्यांची, त्यात त्याला तोंड घालायची परवानगी नाही. मुलगीही आतल्या खोलीत. एकदा तिला बाहेर बोलावतात आणि विचारतात, या लोकांना तू ओळखतेस का? ती हो म्हणाली की पुढचं सगळं सुरू.

दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, इस्वाटिनी, लेसोथो, बोत्स्वाना, मोझांबिकचा दक्षिण भाग, या सगळ्या पट्ट्यात लग्न जुळवण्याचा गाभा हाच आहे. मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना गुरं द्यायची, किंवा गुरांच्या बदल्यात पैसा. झुलू लोक याला लोबोला म्हणतात, बोत्स्वानाकडचे त्स्वाना लोक बोगादी, झिम्बाब्वेतले शोना लोक रोओरा. मराठीतही याला शब्द आहे : देज. आपल्याकडच्या कितीतरी जातीजमातींत मुलीच्या बापाला देज देऊन सोयरीक जुळायची. विसाव्या शतकात ती प्रथा मागे पडत गेली आणि हुंड्यानं तिची जागा घेतली. त्यामुळे ‘मुलाकडचे पैसे देतात’ हे ऐकून आजच्या मराठी माणसाला जे नवल वाटतं, ते त्याच्या पणजोबाला कदाचित वाटलं नसतं.

तर लोबोला म्हणजे बायको विकत घेणं का? गोऱ्या मिशनऱ्यांनी शे-दीडशे वर्षांपूर्वी तसंच लिहून ठेवलं, आणि आपणही तेच चष्मे घालून बघतो. झुलू भाषेत विकत घेण्याला ‘थेंगा’ हे क्रियापद आहे. साखर, बस, घर, सगळं थेंगा. लग्नासाठी गुरं देण्याला मात्र ‘लोबोला’ हे वेगळंच क्रियापद. कुणी बायको ‘थेंगा’ केली असं म्हटलं तर ती सरळ शिवी होते. शब्दांवरून प्रथा निर्दोष ठरत नाही, हे मलाही कळतं. पण खरेदी आणि लोबोला यांत एक फरक शब्दापलीकडचाही आहे. खरेदीत पैसे चुकते झाले की व्यवहार संपतो, दुकानदार आणि गिऱ्हाईक आपापल्या वाटेनं जातात. लोबोलात व्यवहार संपूच द्यायचा नसतो. देणं थोडं राहिलं पाहिजे. सगळं एकदाच, रोख, शेवटच्या पैशापर्यंत मोजून टाकणारा जावई जुन्या माणसांना उद्धट वाटतो. हा काय संबंध तोडायला निघालाय का, असं.

शोना लोकांची एक म्हण आहे : जावई हा उंबराचं झाड, खाऊन संपत नाही. मूळ शब्द ‘मुओन्दे’, तिकडचं उंबराच्याच जातीचं झाड. आपण जावयाला दशमग्रह म्हणतो, म्हणजे आपल्याकडे खाणारा जावई आणि खिलवणारं सासर. अधिक महिना आला की ताटात अनारसे आणि वर चांदीचं निरांजन. शोनांकडे बरोबर उलट. फळं जावयाला लागतात आणि सासरचे वर्षानुवर्षं तोडत राहतात.

आता फाटक उघडलं असं धरू आणि आत जाऊ.

पाहुणे सतरंजीवर किंवा साध्या बाकावर बसतात. कुणी बोलत नाही. बोलण्यासाठी आधी तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडायचे पैसे पडतात. झुलूत ‘इम्वुलाम्लोमो’, शब्दशः तोंड-उघडणी. नोटा ठेवल्या जातात, काही घरांत सोबत ब्रँडीची बाटली. मगच मुलीकडचा प्रवक्ता विचारतो, कशासाठी आलात? ‘तुमच्याकडे एक सुंदर फूल आहे असं ऐकलं’ छापाचं काहीतरी गोड उत्तर येतं. आमच्याकडे मुली पुष्कळ, नेमकी कुठली? सगळं नाटक, आणि सगळ्यांना ते पाठ.

शोनांकडे हेच नाटक आणखी रंगतं. मध्ये एक लाकडी ताट ठेवलेलं असतं आणि प्रत्येक बाबीचे पैसे त्या ताटात पडतात. एक बाब म्हणजे ‘आमच्या घरात मुलगी आहे हे तुम्हाला सांगितलं कुणी?’ याचा दंड. एक रक्कम बापासाठी, कारण लहानपणी मुलीनं मांडीवर बसून त्याची दाढी ओढली होती. अक्षरशः, दाढी ओढण्याचे पैसे. आणि एक आईसाठी, ‘माफुकिद्झादुम्बू’, पोट झाकण्याची. नऊ महिने जे पोट वाढलं, त्याचा मान.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलो. आपल्या लग्नांतल्या आहेराच्या यादीत मुलीच्या आईला ‘पोटझाकणी’ची साडी असते, कित्येक घरांत अजूनही आठवणीनं आणतात. झिम्बाब्वेची राजधानी हरारे आणि आपला सातारा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण लेक देताना आईच्या पोटाची आठवण दोन्हीकडे झाली, आणि दोन्हीकडे ती झाकण्याच्या रूपात झाली.

मग येतो मुख्य आकडा. झुलूंमध्ये रूढ हिशोब अकरा गुरांचा : दहा बापाची, आणि अकरावी आईची. आजच्या जोहान्सबर्गात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, अकरा गाई कुठे बांधणार? म्हणून गाय हे आता मोजमाप झालंय. आधी ‘आमची गाय केवढ्याची’ हे ठरतं, मग किती गाई ते. ही कागदावरची गाय बाजारातल्या गाईच्या भावानं चालत नाही, बहुधा स्वस्त असते, आणि तिची किंमत दोन्ही बाजू घासाघीस करून ठरवतात. जुन्या पद्धतीची मंडळी खोलीत पैसा हा शब्दही टाळतात. ताटात नोटा पडतात आणि म्हातारा म्हणतो, ‘तीन गाई आल्या, दोघी धडधाकट दिसतात.’ आकडे वहीत लिहिले जातात, खाली दोन्हीकडच्यांच्या सह्या. लग्नाच्या यादीवर सह्या झालेल्या आपण बघितल्या आहेत, त्यातलाच प्रकार. या वहीला पुढे कोर्टातही किंमत येते, ते नंतर सांगतो.

गुरंच का, हे समजलं की निम्मी प्रथा समजते. या समाजांत गाय ही बँक होती, पितरांशी बोलण्याचं साधन होती, आणि गोठा ही घरातली पवित्र जागा. गाय विते, वाढते, एका घरातून दुसऱ्या घरात जाते. मुलगी ज्या दिशेनं गेली त्याच्या उलट दिशेनं गुरं आली. त्या गुरांवर मुलीच्या भावाचं लग्न व्हायचं. म्हणजे बहिणीची गुरं भावाची बायको घेऊन आली, आणि ती गुरं पुढे त्या बायकोच्या भावाची बायको आणायला निघाली. एक कळप कितीतरी घरांना शिवत जातो.

लिम्पोपो प्रांतातल्या लोबेदू लोकांनी याचा हिशोब फार काटेकोर ठेवला होता. तिथे प्रत्येक भावाला एक बहीण नेमून दिलेली असे, जिच्या गुरांवर त्याचं लग्न होणार. मग त्या बहिणीचा भावाच्या घरावर कायमचा हक्क. ती वहिनीला ठणकावून सांगू शकायची, तू या घरात माझ्या गुरांवर आलीस, तेव्हा तुझी एक मुलगी माझी सून म्हणून येणार. तिच्या मुलाच्या बाजूनं बघा. त्याला मिळाली मामाची मुलगी. मामाच्या मुलीवरचा भाच्याचा हक्क मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नकोच. आपण त्याचं कारण सांगताना नात्यातली माया, घरातली शेती असं काही म्हणतो. लोबेदूंकडे कारण गोठ्यात उभं होतं.

याच लोकांची मोजाजी ही पर्जन्यराणी. परंपरेनं तिला नवरा नसे, पण बायका असत. घराणी आपल्या मुली तिच्याकडे पाठवत, आणि त्यांची मुलं राणीच्या घराची मानली जात. राणीच कशाला, गुरं बाळगून असलेली साधी बाईही दुसऱ्या बाईसाठी लोबोला देऊन तिला घरात आणू शकायची. त्या बाईला होणारी मुलं, बाप कुणीही असो, गुरं देणारीच्या घराची. इथे ‘पुरुष बाई विकत घेतो’ हे सूत्र पार कोलमडतं. गुरांनी ठरतं ते हे की मूल कुठल्या घराचं, कुणाचं नाव लावणार, कुणाच्या पितरांना हाक मारणार. ‘जिथे गुरं नाहीत तिथे मुलं’ अशी एक जुनी म्हणच आहे. गुरं ज्यानं देऊन टाकली, मुलं त्याची. दिली नाहीत, तर मुलं आईच्या माहेरची.

याचा एक विलक्षण परिणाम असा. बापानं स्वतःच्या बायकोचा लोबोला दिलेलाच नाही, आणि आता लेकीचं लग्न ठरलंय. लेकीचा लोबोला घ्यायला तो हात पुढे करतो, तर लेकीचा मामा आडवा येतो : आधी माझ्या बहिणीचं काय ते दे. पंचवीस वर्षांपूर्वीचं देणं भर बैठकीत उघडं पडतं.

झिम्बाब्वेत याहून कठीण प्रसंग येतो. रोओरा न देता जोडपं एकत्र राहिलं, आणि बाई वारली. माहेरचे येतात आणि सांगतात, आधी लग्न करा, मग पुरा. नवऱ्याला बायकोच्या प्रेताशेजारी बसून बोलणी करावी लागतात. शोनात त्याला ‘कुरोओरा गुवा’ म्हणतात, थडग्याशी लग्न. यावर तिथल्या वर्तमानपत्रांत टीका होते, आणि मला विचाराल तर व्हायलाच हवी. दुःखात असलेल्या माणसाला कोंडीत पकडून वसुली करणं याला मान म्हणता येत नाही. पण माहेरच्यांचं गाऱ्हाणंही ऐकण्यासारखं असतं. इतकी वर्षं आमची मुलगी यानं वापरली, आमच्या दारात पाय ठेवला नाही. मग ती तुमची कोण होती?

ही लवचीक, रेंगाळणारी देवघेव ताठ कधी झाली? दोन धक्के सांगतो.

पहिला सरकारी. १८६९ साली नाताळ या ब्रिटिश वसाहतीत थिओफिलस शेपस्टोन नावाच्या अधिकाऱ्यानं लोबोलाला नियमांत बांधलं. (नाताळ हे नाव वास्को द गामानं १४९७च्या ख्रिसमसला तो किनारा पाहिला म्हणून पडलं. आपला सणवाचक नाताळ त्याच पोर्तुगीज शब्दाचा.) सामान्य माणसानं दहा गुरं, मुखियांच्या घराण्यांना जास्त, आणि देणं लग्नाच्या वेळेपर्यंत पुरं करायचं. हेतू मर्यादा घालण्याचा होता. झालं असं की दहा ही कमाल होती ती हळूहळू दर बनून बसली, आणि पिढीभर रेंगाळू शकणारं देणं मुदतीचं झालं. आज जे झुलू आजोबा ‘अकरा ही आमची सनातन परंपरा’ असं छातीवर हात ठेवून सांगतात, त्यातल्या दहाला वसाहतीच्या कचेरीचा शिक्का आहे. परंपरांच्या बाबतीत असं जगभर होतं, तरी दरवेळी गंमत वाटते.

दुसरा धक्का रोगाचा. १८९६मध्ये बुळकांडीची साथ उत्तरेकडून दक्षिण आफ्रिकेत उतरली. दीड-दोन वर्षांत दहातली आठ-नऊ गुरं गेली. गोठे रिकामे, म्हणजे लग्नंही अडली. त्याच सुमारास जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींना मजूर हवे होते. पोरं खाणीत उतरली आणि नोटा-नाणी घेऊन परतली. दक्षिण मोझांबिकातल्या त्सोंगा लोकांनी असा बदल आधीच पाहिला होता. तिथे काही काळ लोबोला लोखंडी कुदळींत मोजला जायचा, पुढे मजुरीचे पौंड आले. पण बाप कमावणार आणि बाप देणार ही जुनी साखळी तुटली. आता पोरगा स्वतः कमावतो आणि स्वतः देतो. स्वतःच्या घामाचे पैसे मोजणारा माणूस ‘मी दिलेत’ म्हणायला लागतो, आणि तिथून ‘मी तुला घेतलंय’पर्यंत फार अंतर उरत नाही.

लोबोलावरचा आजचा सगळ्यात गंभीर आक्षेप तोच आहे. नवरा मारतो, आणि बाई माहेरी आली तर बाप म्हणतो, परत जा, गुरं कुठून आणू फेडायला? कितीतरी बायकांनी हे सांगितलंय. आणि तरीही त्याच देशांतल्या शिकलेल्या, कमावत्या, स्त्रीवादी म्हणवणाऱ्या कितीजणी आपला लोबोला झाल्याशिवाय लग्न करणार नाही म्हणतात. त्यांच्या दृष्टीनं तो नसेल तर आपण कुणाच्या घरात नुसत्याच राहायला गेलो. यात विसंगती आहेच. पण मंगळसूत्राबद्दल मराठी घरांत काय काय बोललं जातं ते आठवलं, तर ती फार परकी वाटत नाही.

पैशाचा ताण वेगळाच. तरुणांना नोकऱ्या नाहीत, आणि मुलगी पदवीधर असली की तिच्या फीचा हिशोबही गाईंत शिरतो. २०१४मध्ये दक्षिण आफ्रिकेत एक लोबोला कॅल्क्युलेटर ॲप निघालं. उंची, वजन, शिक्षण, नोकरी असलं काहीबाही भरा, आकडा हजर. थट्टा म्हणूनच काढलं होतं. लोकांनी डाउनलोडही केलं आणि शिव्याही घातल्या.

आता कोर्टाची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेनं १९९८मध्ये रूढीनुसार होणाऱ्या लग्नांना मान्यता देणारा कायदा केला, तो नोव्हेंबर २०००पासून लागू झाला. दोघं अठरा वर्षांवरची हवीत, दोघांची संमती हवी, आणि लग्न रूढीप्रमाणे बोलणी होऊन लागलेलं किंवा साजरं झालेलं हवं. त्यात लोबोलाची जी व्याख्या आहे तिच्यातलं क्रियापद बघण्यासारखं आहे. मुलाकडच्यांनी ‘दिलेली’ मालमत्ता असं तिथे म्हटलेलं नाही, ‘देण्याचं कबूल केलेली’ असं म्हटलंय. कायद्यानंही देणं शिल्लक राहणार हे गृहीत धरलंय.

याची कसोटी लागली एचएचपी या नावानं गाजलेल्या रॅपरच्या मृत्यूनंतर. फेब्रुवारी २०१६मध्ये त्याच्या घरचे मुलीकडे गेले, पंचेचाळीस हजार रँड ठरले, तीस हजार तिथेच दिले, बाकीचे हप्त्यानं. कागदावर सह्या झाल्या. त्याच दिवशी नवऱ्यामुलाच्या घरच्या बायकांनी मुलीला बाजूला नेऊन, नवऱ्याच्या कपड्यांना जुळेल असा पोशाख चढवला आणि ही आता आमची सून म्हणून सगळ्यांना दाखवली. २०१८मध्ये तो वारला. सासरे म्हणाले, लग्न झालंच नव्हतं, मुलीला रीतसर आमच्या घरी सोपवण्याचा विधी राहिला होता. प्रकरण सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०२०मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला. रूढी जिवंत असते, काळानुसार वाकते, एक विधी राहिला म्हणून लग्न पुसलं जात नाही. न फिटलेल्या पंधरा हजारांमुळेही तिचं बायकोपण कमी ठरलं नाही.

उरली अकरावी गाय, आईची. बाकी सगळ्याचे पैसे होतात. दाढीचे होतात, पोटाचे होतात, कागदावरच्या दहा गाई बँकेच्या खात्यात जमा होतात. पण शोना घरांत आईची गाय ‘मोम्बे येउमाई’ ही खरीखुरी, चार पायांची, व्यायला जोगती कालवड लागते. ती नोटांत देऊ नये, चुकवू तर मुळीच नये. आईकडच्या पितरांची तिच्यावर नजर असते, आणि त्यांचा राग नातवंडांवर निघतो, अशी समजूत आहे. सगळ्या रकमांत घासाघीस करणारे बिलंदर मध्यस्थही या एका बाबीवर गप्प बसतात. म्हणून हरारेच्या फ्लॅटमध्ये राहणारी आई गावाकडे भावाला फोन करते, तुझ्या गोठ्यात एक जागा ठेव. गाय तिकडे वाढते. कुणी गावाहून आलं की ती आधी विचारते, गाभण राहिली का?